हवाई मालवाहतूक : एअर वेबिल ही पावती, मालकीहक्क नव्हे

रायपूर : बस्तरची ढोकरा धातुशिल्पे, कोसा रेशमाची वस्त्रे अशा छत्तीसगडच्या वस्तूंना परदेशातून मागणी येते. आकाराने लहान आणि मोलाने अधिक असलेला असा माल विमानाने पाठविणे सोयीचे ठरते. रायपूर समुद्रकिनाऱ्यापासून दूर आहे. येथील निर्यातीचा माल रस्त्याने किंवा माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावरून निघून बहुधा मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता येथून देशाबाहेर जातो. या प्रवासात मालासोबत कागदपत्रांचा एक संच असतो. त्यांपैकी ‘एअर वेबिल’ या दस्ताचा अर्थ नीट न समजल्यास माल पोहोचूनही पैसे अडकण्याची वेळ येऊ शकते.

एअर वेबिल म्हणजे काय?

विमान कंपनीने माल ताब्यात घेतल्याची पावती आणि वाहतुकीचा करार, असे एअर वेबिलचे दुहेरी स्वरूप आहे. सागरी वाहतुकीतील ‘बिल ऑफ लेडिंग’ हा मालकीहक्काचा दस्त असतो. त्याची मूळ प्रत सादर केल्याशिवाय सामान्यतः माल मिळत नाही. एअर वेबिल तसे नाही. ते हस्तांतरणीय नसते. त्यावर ज्याचे नाव माल घेणारा म्हणून लिहिलेले असेल, त्याला आपली ओळख पटवून माल सोडविता येतो. विक्रेत्याला पैसे मिळाले किंवा नाही, हे पाहणे विमान कंपनीचे काम नाही.

म्हणूनच खरेदीदार नवा असेल तर आगाऊ रक्कम घ्यावी किंवा बँकेचे पतपत्र मागावे. खरेदीदाराच्या बँकेची पूर्वसंमती घेऊन माल तिच्या नावे पाठविणे, हाही एक मार्ग आहे. तसे केल्यास बँकेने सोडपत्र दिल्यानंतरच खरेदीदाराला माल मिळतो.

क्रमांक आणि प्रती

एअर वेबिलचा क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले तीन अंक विमान कंपनी दर्शवितात. एअर इंडियासाठी ते ०९८ आहेत. पुढील सात अंक अनुक्रमांकाचे, तर शेवटचा अंक पडताळणीचा असतो. अनुक्रमांकाला ७ ने भागल्यावर उरणारी बाकी म्हणजे हा अंक. उदाहरणार्थ, १२३४५६७ ला ७ ने भागल्यास बाकी ५ उरते; म्हणून क्रमांकाचा शेवट ५ ने होईल. चुकीचा अंक लिहिला गेल्यास तो यामुळे बहुधा लगेच ध्यानात येतो.

कागदी एअर वेबिलच्या तीन मूळ प्रती असतात : हिरवी विमान कंपनीची, गुलाबी माल घेणाऱ्याची आणि निळी पाठविणाऱ्याची. माल घेणाऱ्याचा हक्क सुरू होईपर्यंत तो वाटेत थांबविण्याचा वा परत बोलाविण्याचा अधिकार पाठविणाऱ्याला असतो. मात्र त्यासाठी आपली प्रत दाखवावी लागते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने १ जानेवारी २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक एअर वेबिल हीच सर्वसाधारण पद्धत ठरविली आहे. मध्यस्थ एजंट अनेकांचा माल एकत्र पाठवितो, तेव्हा विमान कंपनीचे ‘मास्टर’ आणि एजंटचे ‘हाऊस’ अशी दोन वेबिले होतात. दोन्ही क्रमांक जवळ ठेवावेत.

वजन कोणते धरतात?

भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला सामान्यतः ६००० ने भागतात. बांबूच्या वस्तूंचे खोके ६०, ५० व ४० सेंटिमीटर मापाचे असून त्याचे वजन १२ किलो भरले, तरी भाडे २० किलोचे द्यावे लागेल.

नुकसान झाल्यास

मॉन्ट्रियल करार १९९९ मध्ये झाला. भारतात तो २००९ पासून लागू आहे. दोन सदस्य देशांमधील वाहतुकीत मालाचे नुकसान झाल्यास भरपाईला मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासूनची सुधारित आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रतिकिलो २६ एसडीआर, म्हणजे सुमारे तीन हजार रुपयांहून थोडी अधिक आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. दोन किलोच्या मौल्यवान रेशमी वस्त्रांना ही भरपाई अपुरी पडेल. वेबिलवर मूल्य घोषित करून जादा आकार भरल्यास ही मर्यादा घोषित मूल्यापर्यंत वाढते. स्वतंत्र विमाही उतरविता येतो. नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत, तर विलंबाची २१ दिवसांत करावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.

इतर कागदपत्रे

बीजक आणि खोक्यांची यादी यांतील वर्णन, नगसंख्या व वजन वेबिलशी जुळले पाहिजे. वेबिलवरील तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी पाठविणाऱ्याची असते. फॉर्म एजंटने भरला तरी ती टळत नाही. सीमाशुल्क विभागाकडे ‘शिपिंग बिल’ दाखल करावे लागते. नाव जहाजाचे असले तरी विमानाने जाणाऱ्या मालालाही हेच लागते. निर्यातीची अंतिम परवानगी त्यावरच मिळते. जीएसटीचे ‘ई-वे बिल’ मात्र वेगळे. रायपूरहून मुंबईपर्यंतच्या रस्त्यावरील प्रवासात ते लागू शकते, पण ते कराचे कागदपत्र आहे. एअर वेबिलची जागा ते घेऊ शकत नाही.

माल विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वी वेबिलवरील तीन बाबी निर्यातदाराने स्वतः वाचून घ्याव्यात : माल कोणाच्या नावे आहे, वजन किती धरले आहे आणि मूल्य घोषित केले आहे काय.