पुसलेली राजमाता
(लेखांक 7)

उरणच्या द्रोणागिरीवर चढलं की उत्तरेला मुंबईचं बंदर दिसतं आणि दक्षिणेला धरमतरच्या खाडीपलीकडे रेवस. 16व्या शतकात हे उरण, म्हणजे तेव्हाचं करंजा बेट, पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. रेवसच्या खाली चौलच्या आसपास अंमल निजामशाहीचा. राजमाता कॅथरीन द मेदिची फ्रान्सचा गाडा हाकत होती त्याच सुमारास या दोन्ही राज्यांचा कारभारही पाठोपाठ बायकांच्या हाती आला होता.

करंजाची मालकीण बसली होती लिस्बनला. 1557 साली राजा जॉन तिसरा वारला तेव्हा वारस नातू सेबास्टियन अवघा तीन वर्षांचा. आजीने (तीही कॅथरीनच, पण दुसरी) 1562पर्यंत राज्य चालवलं. दमण पोर्तुगीजांनी घेतलं ते 1559 साली, आणि गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं 1560मध्ये. दोन्ही तिच्याच कारकिर्दीत. अंतोनिस मोर या चित्रकाराने काढलेलं तिचं चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. चेहरा स्वच्छ दिसतो.

निजामशाहीच्या राजमातेच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलं नाही. तिचं नाव खुंजा हुमायून. पती हुसेन निजामशाह तालिकोटची लढाई जिंकून आला आणि त्याच वर्षी, 1565मध्ये, वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार आईने हाती घेतला. इतिहासकार फेरिश्ता लिहितो की तिने भावांना मोठमोठ्या जागिरी दिल्या, दरबारातले जुने सरदार दुखावले आणि शेजारच्या विजापूरने त्याचा फायदा उठवला. फेरिश्ता पुढे मुर्तझाच्याच चाकरीत होता, हे ध्यानात ठेवून त्याचं म्हणणं वाचावं. तरीही माहेरच्यांवर विसंबणं तिला भोवलं, हे मला पटतं. 1569च्या सुमारास मुलानेच तिला कैद केलं.

आणि आता तिचं चित्र. आफताबी नावाच्या कवीने हुसेनशाहाच्या गौरवासाठी ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचलं. त्याचं सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राणी राजाच्या शेजारी सिंहासनावर बसलेली होती. ‘होती’ म्हणायचं, कारण बहुतेक चित्रांत तिची आकृती नंतर कोणीतरी रंग फासून बुजवली आहे. राजा आहे, सेवक आहेत आणि राजाच्या बाजूला नुसता डाग. तिच्या पाडावानंतरच हे झालं असावं, असं अभ्यासक मानतात. एका चित्रात मात्र स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलून आलं आहे. आपल्या काव्यांतलं अशोकाचं दोहद ते हेच. फारसी काव्याच्या पानावर, मुसलमान राणीच्या गौरवासाठी, दख्खनच्या चितार्‍याने आपल्या मातीतली कल्पना सहज आणून ठेवली! निजामशाही दरबार इथल्या संस्कृतीत किती मुरला होता, हे या एका झाडाइतकं मला दुसर्‍या कशातून कळलं नाही.

आईला हटवल्यावर मुर्तझाने 1570च्या अखेरीस चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला. तो काही महिने चालला आणि फसला. करंजा पोर्तुगीजांकडेच राहिलं.

खुंजाची मुलगी मात्र कोणाला पुसता आली नाही. 1595 साली अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरच्या किल्ल्यावर चालून आला, तेव्हा तटावर उभी राहून लढलेली चांदबीबी ती हीच. पुढच्या आठवड्यात तिच्याविषयी.