अॅप अपडेट करताय? आधी पीक पाहणी अपलोड झाली का ते बघा!

वरवट बकाल : हंगाम सुरू झाला की मोबाईलवर ई-पीक पाहणी अॅपचं नवं व्हर्जन घ्या, असा मेसेज येतो. कपाशी, सोयाबीन, तुरीची नोंद सातबाऱ्यावर चढली नाही तर पुढे पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या विक्रीत अडचण येऊ शकते. त्यामुळे अपडेट कसं होतं, हे शेतकऱ्यांनी समजून घेणं गरजेचं आहे.

राज्यभर हे अॅप 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालं. 2022 च्या खरिपात व्हर्जन 2 आलं. पण अॅप बदलायचं म्हणून लाखो शेतकऱ्यांची पाहणी थांबवता येत नाही.

चालू यंत्रणेत बदल कसा करतात?

गावात नवी पाइपलाइन टाकताना जुनी आधी तोडत नाहीत. नवीला पाणी आलं, गळती नाही, हे बघूनच जोडणी बदलतात. सॉफ्टवेअरचंही तसंच. नवं व्हर्जन आधी थोड्या लोकांना देतात. प्ले स्टोअरवर तशी सोय आहे. काही दिवस सर्व्हर जुन्या आणि नव्या, दोन्ही अॅपची माहिती स्वीकारतो. माहितीची दुसरी प्रत ठेवतात आणि बिघाड झालाच तर मागे फिरायची वाट मोकळी ठेवतात.

घाई केली की काय होतं, हे 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाइल सगळ्यांना एकदमच गेली. सुमारे 85 लाख कॉम्प्युटर बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, तरी बंद पडलेली बरीच यंत्रं एकेक करून दुरुस्त करावी लागली. त्यानंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने अपडेट द्यायचं ठरवलं.

शेतकऱ्यांनी काय करावं?

● शेतात रेंज नसली की पाहणी मोबाईलमध्येच साठून राहते. रेंजमध्ये येऊन ती आधी अपलोड करा, मगच अपडेट करा.

● 'अपडेट' आणि 'अनइन्स्टॉल' एक नाही. अपडेटमध्ये साठलेली माहिती सहसा तशीच राहते. अॅप काढून टाकलं की न पाठवलेली पाहणी सहसा त्याच्यासोबतच जाते.

● अॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली 'एपीके' फाइल उघडू नका. सरकारी योजनेच्या नावाने अशा फाइली पाठवून बँक खाती रिकामी केली जातात. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

● शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या दिवशी सर्व्हरवर गर्दी असते आणि अॅप अडलं तर हातात वेळ उरत नाही.

● नोंद झाल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा. सातबाऱ्यावर पीक दिसत नसेल, तर मुदत संपायच्या आत तलाठ्यांना भेटा.