इंग्रजी वाक्प्रचार व अव्यययुक्त क्रियापदे

इंग्रजीच्या नित्य व्यवहारात येणारे, परंतु घटक शब्दांच्या अर्थांवरून ज्यांचा अर्थ लागत नाही असे शब्दबंध. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. वाक्प्रचारात संपूर्ण शब्दसमूहाला रूढीने एक वेगळा अर्थ चिकटलेला असतो. अव्यययुक्त क्रियापदात ‘गो’, ‘पुट’, ‘टेक’, ‘लुक’ यांसारख्या साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘डाउन’ यांसारखे एखादे, क्वचित दोन, अव्यये जोडली जातात व जोडीचा अर्थ स्वतंत्र होतो. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे चालवून घेणे, निमूट सोसणे. परक्या शिकणाऱ्याला इंग्रजीतील अवघड शब्दांपेक्षा हे सोपे दिसणारे शब्दच अधिक अडवितात. अवघड शब्द भेटला की तो आपणांस येत नाही, हे निदान कळते. ‘गो’ आणि ‘ऑफ’ हे दोन्ही शब्द येत असल्यावर ‘गो ऑफ’ कोशात पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

ही अडचण केवळ परीक्षेपुरती नसते. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यातील जिते हे गाव पनवेल–रोहा लोहमार्गावरील एक स्थानक आहे. या पट्ट्यातील रसायनी, नागोठणे व रोह्याजवळील धाटाव येथे रासायनिक उद्योग उभे राहिले. उत्तरेस न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातील गणेशमूर्ती परदेशीही जातात. मराठी शाळेत शिकलेल्या येथील तरुणाचा इंग्रजीशी संबंध येतो तो अशा ठिकाणच्या सूचना, नोंदवह्या व मागणीपत्रे यांतून. दिवा ‘ऑफ करणे’ म्हणजे बंद करणे, हे त्याच्या बोलीतच रुळलेले असते. कारखान्यातील सूचनेत ‘अलार्म’ या कर्त्यापुढे ‘गोज ऑफ’ असे क्रियापद आले, तर धोक्याची घंटा बंद होते असा अर्थ तो सरळ लावील. वास्तविक अर्थ नेमका उलट, म्हणजे घंटा वाजू लागते, असा आहे. याच ‘गो ऑफ’चा कर्ता दिवे असतील तर ते मालवतात, बाँब असेल तर त्याचा स्फोट होतो आणि दूध असेल तर ते नासते. अर्थ जोडीच्या पोटात नसून कर्त्याशी असलेल्या तिच्या संबंधात आहे.

अव्यययुक्त क्रियापद या अर्थाची ‘फ्रेझल व्हर्ब’ ही इंग्रजी संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ (१८६५–१९४६) यांच्या १९२५ मधील वर्ड्‌स अँड इडियम्स या ग्रंथामुळे रूढ झाली. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ती सुचविल्याचे स्मिथ यांनी नमूद केले आहे. यानंतर सी. के. ऑग्डेन (१८८९–१९५७) यांनी १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांचे ‘बेसिक इंग्लिश’ मांडले. त्यातील क्रियापदे केवळ १८ होती. वरवर पाहता हा भार फारच हलका. परंतु वगळलेल्या क्रियापदांचे काम उरलेल्यांना अव्यये जोडूनच करावे लागे आणि अशी प्रत्येक जोडी नव्या शब्दासारखी शिकावी लागे. शब्द मोजून भाषेचा भार मोजता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण नाही. बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट (१८८८–१९७३) यांच्या १९५३ मधील सुमारे २,००० शब्दांच्या यादीत शब्दांबरोबरच त्यांच्या निरनिराळ्या अर्थांची वारंवारताही दिली आहे. जपानमध्ये शिकविणारे ए. एस. हॉर्न्‌बी (१८९८–१९७८) यांनी सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठी रचलेला कोश १९४२ मध्ये तोक्यो येथे प्रसिद्ध झाला. पुढे ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेल्या विद्यार्थिकोशाचा तो पाया ठरला.

महाराष्ट्रात इंग्रजीचे अध्ययन आरंभापासून भाषांतराच्या वाटेने झाले. बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पण (१८३२) या पत्रात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) व कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश (१८४७) यांनी शब्दास शब्द मिळवून दिला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अनेक पिढ्यांनी गिरविली. नियम, शब्दांची यादी आणि दोन्ही बाजूंनी भाषांतरासाठी वाक्ये, ही तिची रीत. या शिस्तीने व्याकरण पक्के होई व अर्जविनंत्या निर्दोष लिहिता येत. घरगुती, चालते इंग्रजी मात्र दूरच राही. राज्यातील मराठी शाळांत सामान्यतः पाचवीपासून शिकविले जाणारे इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आले. तथापि शब्द सुटा पाठ करण्याची सवय त्यामुळे आपोआप गेली असे म्हणता येत नाही.

वस्तुतः मराठी भाषकाला ही रचना अगदी परकी नाही. मराठीतील संयुक्त क्रियापदांत असाच प्रकार आढळतो. ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांत फरक आहे. पण ‘टाकले’ म्हणजे येथे फेकले नव्हे, त्याने क्रियेची पूर्तता दाखविली जाते. ‘बोलून बसणे’ यात कोणी खाली बसत नाही. नको ते बोलून गेल्याचा पश्चात्ताप त्यातून व्यक्त होतो. इंग्रजीत ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूझ अप’ यांतील ‘अप’ हे वर या अर्थाचे नसून पुष्कळसे ‘टाकणे’चे काम करते. मराठी हे काम शेवटच्या क्रियापदाकडून करून घेते, इंग्रजी अव्ययाकडून. दोन्हींकडे मूळ अर्थ झिजलेला असतो. हे साम्य पाठ्यपुस्तकांत जितके दाखविले जावयास हवे तितके दाखविले जात नाही.

साम्य नसलेल्या जागी मात्र मराठीची छाया चूक घडविते. मराठीत ‘ऑफ करणे’ रुळल्यामुळे इंग्रजीतही ‘स्विच’ गाळून ‘ऑफ द लाइट’ असे म्हटले जाते. ‘प्रश्नाविषयी चर्चा करणे’ या रचनेमुळे ‘डिस्कस’पुढे नको असलेले ‘अबाउट’ येते. ‘कोप विथ’चे ‘कोप अप विथ’ होते, ते बहुधा ‘पुट अप विथ’च्या धर्तीवर, हा प्रयोग भारतात सर्वत्र ऐकू येतो. ‘बाहेर पडणे’ शब्दशः उतरवून ‘फॉल आउट’ म्हटल्यास भांडण होणे असा अर्थ निघतो. भारतीयांच्या अशा चुकांचा विचार जी. सी. व्हिटवर्थ यांनी १९०७ मध्येच एका स्वतंत्र पुस्तकात केला होता.

अनेक जोड्या मराठीत नाम म्हणून आधीच येऊन बसल्या आहेत : चेकअप, लॉकअप, पिकअप, वॉकआउट. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ तर पोराटोरांच्या तोंडी असते. परंतु ‘रन आउट ऑफ’ म्हणजे साखर, पेट्रोल किंवा वेळ संपणे, हे त्यातील कितीकांना ठाऊक नसते.

वाक्प्रचारांच्या बाबतीत अर्थाइतकाच प्रसंग महत्त्वाचा. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे; पण हा थट्टेचा प्रयोग आहे आणि सांत्वनपत्रात तो शोभत नाही, जसे मराठीत ‘गचकणे’ शोभत नाही. मांजरे व कुत्री यांचा पाऊस पाडणारा प्रसिद्ध वाक्प्रचार आपल्याकडे शाळेत हमखास शिकविला जातो. प्रत्यक्ष बोलण्यात इंग्रज ‘पोअरिंग’ एवढेच म्हणण्याची शक्यता अधिक. कोकणातील मुसळधार पावसाला तेवढा शब्द पुरतो. वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यापेक्षा ते ओळखता येणे आणि थोडेच, पण योग्य जागी वापरणे, हे अधिक उपयुक्त.

अध्ययनाच्या दृष्टीने जोडी सुटी न टिपता कर्ता व कर्म यांसह, पूर्ण वाक्यात टिपावी. ‘फिल इन’ हे अर्जाबरोबर, ‘टर्न डाउन’ हे विनंतीबरोबर. एकाच क्रियापदाच्या दहा जोड्या एका बैठकीत घोकल्यास त्यांची सरमिसळ होते. उच्चाराकडेही लक्ष द्यावे लागते : ‘स्विच ऑफ’मध्ये आघात सामान्यतः अव्ययावर, तर ‘चेकअप’सारख्या नामात तो पहिल्या भागावर असतो. सकर्मक जोडीचे कर्म पुष्कळदा मध्ये येऊ शकते आणि ते सर्वनाम असेल तर अशा जोडीत ते मध्येच यावे लागते. ‘स्विच इट ऑफ’ शुद्ध, ‘स्विच ऑफ इट’ अशुद्ध. मराठीतही संयुक्त क्रियापद असे उकलते, मात्र त्यात शिरतात ती ‘च’, ‘तर’ यांसारखी अव्यये : ‘खाऊनच टाकले’, ‘करून तर पाहा’.