ईथरची जुनी बाटली

जुनं ईथर फार तर उडून जातं, असं पुष्कळांना वाटतं. उडतं हे खरंच. डायएथिल ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं. नागपुरात मे महिन्यातल्या दुपारी त्याला शेगडीसुद्धा लागत नाही. वाफही हवेच्या अडीचपट जड, जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीवर पेट घेणारी.

पण मागे उरतं ते अधिक घातक. डब्यातलं शेंगदाणा तेल हवेने खवट होतं, तसंच ईथर हवा-उजेडात ऑक्सिजन घेऊन पेरॉक्साइड (ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेली अस्थिर संयुगं) तयार करतं. ईथर उडेल तशी ती दाट होतात. झाकणाशी स्फटिक जमले असतील, तर झाकण फिरवतानाचं घर्षणही स्फोटाला पुरतं.

म्हणूनच गडद बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहावी. स्फटिक दिसले, तर बाटलीला हात न लावता तज्ज्ञांना बोलवा.