बेथलेहेमचा सरवा

नाताळ म्हटला की बेथलेहेमची गव्हाण डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु त्या गव्हाणीच्या कितीतरी शतके आधी याच गावाच्या शिवारात घडलेली एक कथा बायबलात आहे. या सणाचे मर्म जाणू इच्छिणाऱ्याने ती आधी ऐकावी, असे आम्हांस वाटते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच मुळी ‘भाकरीचे घर’ असा आहे.

मवाब देशाची रूथ ही तरुण विधवा आपली वृद्ध सासू नामी हिच्याबरोबर या गावी आली. हाती पै नाही, त्यात परदेशी. दिवस जवाच्या कापणीचे होते. रूथ एका शेतात शिरली आणि कापणाऱ्यांच्या मागोमाग सरवा वेचू लागली. शेताचा धनी बवाज याने तिला हुसकावले तर नाहीच. उलट गड्यांना सांगितले की, पेंढ्यांतल्या काही लोंब्या मुद्दाम टाकीत चला आणि तिला बोलू नका.

बवाजाचे औदार्य मोठे खरे; पण सरवा वेचण्याचा अधिकार रूथला नियमशास्त्रानेच दिलेला होता. लेवीयाच्या 19 व्या आणि अनुवादाच्या 24 व्या अध्यायात शेतकऱ्याला बजावले आहे : शेताच्या कडा कापू नयेत, गळलेल्या लोंब्या वेचू नयेत, पेंढी विसरली तर आणायला माघारी फिरू नये, जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर पुन्हा झोडपू नये. मागे उरेल ते उपऱ्याचे, अनाथाचे, विधवेचे. कारणही दिले आहे : तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता, याचे स्मरण ठेवा.

आमच्या संस्कृत ग्रंथांतही उंछवृत्तीची थोरवी गायिली आहे. दाणे वेचून जगणाऱ्या ब्राह्मणाचे शेरभर सातूचे पीठ युधिष्ठिराच्या अश्वमेधाहून थोर ठरले, ही महाभारतातील मुंगसाची कथा आम्ही वर्षानुवर्षे कीर्तनात सांगत आलो. तेथे गौरव आहे तो वेचणाऱ्याच्या व्रताचा. बायबलातील हा नियम मात्र शेताच्या धन्याला विचारतो, की तू मागे किती सोडलेस? हिब्रूत दानासाठी रूढ झालेला शब्द आहे त्सदाका, आणि त्याचा मूळ अर्थ न्याय, धार्मिकता. म्हणजे देणाऱ्याने उपकार केला नाही, ज्याचे त्याला पोचते केले. म्हणूनच रूथला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. आपल्या कष्टाने वेचलेले धान्य तिने ताठ मानेने घरी नेले.

येशूनेही देणाऱ्याचे मन असेच पारखले. दान करताना कर्णा वाजवू नये, उजवा हात काय देतो ते डाव्या हातालाही कळू नये, असे त्याने शिकविले. मंदिराच्या दानपेटीसमोर तो बसला असता धनवान पुष्कळ टाकीत होते. एका गरीब विधवेने दोन क्षुद्र नाणी टाकली. सर्वांत अधिक हिनेच दिले, असे तो म्हणाला. कारण इतरांनी उरलेल्यातून दिले, हिने आपली सारी उपजीविका दिली.

ही कथा वाचताना आमची मान खाली जाते. नारदाच्या गादीवर उभे राहून आम्ही देणगीदारांची नावे आजवर खणखणीत आवाजात पुकारीत आलो. आरतीच्या तबकात मुकाट्याने एक नाणे ठेवून, पदर सावरीत निघून जाणाऱ्या म्हातारीकडे आम्ही कधी वळूनही पाहिले नाही.

पुढे बवाजाने रूथशी विवाह केला. दावीद राजा हा त्यांचा पणतू. आणि मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ दिली आहे, तीत रूथचे नाव आवर्जून घेतले आहे. ज्याचा जन्मोत्सव आज साजरा होत आहे, त्याच्या पूर्वजांत सरवा वेचणारी एक परदेशी विधवा आहे. आज पंक्तीला बसण्यापूर्वी, आपल्या शेताची कड यंदा आपण कोणासाठी राखली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.