फियाटचं इंजिन बांधताना

१०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक. इटलीत १९३७ साली फियाट ५०८ सी या गाडीसाठी ठरलेलं हे माप कुर्ल्याच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. घरोघरी जपलेल्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि त्यांची इंजिनं आता कामाला आली आहेत.

आमचं सिल्वासा हे कारखान्यांचं गाव, वापी अगदी शेजारी. त्यामुळे इथल्या फियाटवाल्याला लेथ आणि ग्राइंडरसाठी लांब जावं लागत नाही. कठीण असतं ते कमीत कमी लोखंड काढणारा मिस्त्री मिळणं. माझ्या मते जुन्या इंजिनाच्या कामाची सारी परीक्षा इथेच होते. ब्लॉकमधून, क्रँकवरून, हेडवरून जे घासलं जातं ते परत येत नाही, आणि नवा ब्लॉक आता कुर्ल्याहून येणार नाही.

गाडी धूर मारते, ऑइल खाते, चढावर दम टाकते, म्हणून ‘फुल इंजिन करून टाका’ असं मालक सांगतो. चांगला मिस्त्री आधी कॉम्प्रेशन बघतो. कमी लागलं तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा बघतो. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा गास्केटवर जातो. एवढ्यावरून कधी कधी इंजिन खाली उतरवायचंही टळतं.

उतरवलंच, तर आधी खुणा. मेन बेरिंगच्या तिन्ही कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या चारही कॅप आपापल्या जागीच आणि आपापल्या दिशेनेच बसल्या पाहिजेत, कारण त्यांचे गाळे एकत्र बसवूनच कातलेले असतात. अदलाबदल झाली की बेरिंगचे नवे शेल घालूनही क्रँक जड फिरतो.

मग मोजणी. सिलिंडर सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथवर पोचते त्याच्या जरा खाली तो सर्वांत जास्त खातो, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिकडे अधिक. म्हणून बोअर गेज वर, मध्ये आणि खाली धरायचं, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. चार सिलिंडरची मिळून चोवीस मापं. त्यातलं सर्वांत वाईट माप साफ होईल एवढाच बोअर वाढवायचा. पण पिस्टन आधी हातात हवेत. आधी बोअर करून मग बाजारात पिस्टन शोधणं ही घाई महागात पडते, कारण मिळेल त्या मोठ्या पिस्टनसाठी पुन्हा लोखंड काढावं लागतं.

नवी रिंग बसवण्यापूर्वी ती एकटीच सिलिंडरमध्ये सोडतात. उलटा पिस्टन घालून तिला हलकेच खाली ढकलतात, म्हणजे ती सरळ बसते. मग दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज. हिशेब जुना आहे: बोअरच्या दर इंचाला साधारण चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. ६८ मिलिमीटर म्हणजे पावणेतीन इंचांच्या जरा आत, तेव्हा दहा-अकरा थाऊ. फट कमी असेल तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि नव्या भिंतीवर ओरखडे उठतात. कमी भरली तर टोक बारीक कानशीने एका बाजूने घासायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा मोजायचं. असं प्रत्येक रिंगला. इथे वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा.

क्रँकचंही तसंच. दहा थाऊ अंडरमध्ये, म्हणजे मूळ मापाहून दहा थाऊ कमी करून, जर्नल साफ होत असेल तर वीसवर जायचं कारण नाही. ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट बजावून सांगावी: जर्नलच्या कडेची गोलाई तशीच राहिली पाहिजे. तिथे काटकोनी कोपरा उरला की क्रँकला तडा तिथूनच जातो. ऑइलच्या वाटांतली बुचं काढून आतला गाळ धुवायचा, नाहीतर तोच गाळ पहिल्या फेरीत नव्या शेलमध्ये उतरतो.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गाडी एकदा तापली की ते वाकतं. सरळपट्टी आणि फिलरने बघावं, लागेल तेवढंच फेसिंग करावं. व्हॉल्व्ह पेस्टने घासून झाले की चेंबरमध्ये रॉकेल ओतून ठेवतात. पोर्टमधून ओल झिरपली तर पुन्हा घासणी.

बरेच जण विचारतात, एवढं करण्यापेक्षा दुसरं इंजिन का टाकू नये? भावनेपलीकडचं उत्तर कायद्यात आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. पण ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पद्मिनीच्या पहिल्या वर्षांतल्या गाड्या आता या वयाला पोचल्या आहेत. मूळ इंजिन दुरुस्त करणं हाच तिथे शहाणपणाचा मार्ग आहे.

बांधून झालेलं इंजिन पहिले हजारेक किलोमीटर सांभाळून चालवायचं. सिल्वासाजवळच्या खानवेलच्या चढावर टॉप गिअरमध्ये रेटायचं नाही, उगाच उभ्या गाडीत तासभर चालूही ठेवायचं नाही. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायचं, हेडचे नट थंड इंजिनावर टॉर्क पान्याने पुन्हा बघायचे आणि मग टॅपेट लावायचे. आणि बोअर किती झाला, क्रँक किती अंडर, हेड किती घासलं, हे मिस्त्रीकडून तारखेसह लिहून घ्यावं आणि गाडीच्या कागदांत ठेवावं. पुढच्या मिस्त्रीला आणखी किती लोखंड काढता येईल, ते त्याला त्या कागदावरूनच कळेल.