ठळक अक्षराचे काम

ज्याच्यावर हस्तपत्रके छापून घेण्याचा प्रसंग वारंवार येतो, त्याला अक्षरांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आम्ही कामगार संघटनेच्या कामाला लागलो तेव्हा, मजकूर लिहून दिला की आपले काम संपले, अशी आमची समजूत होती. छापखान्यातल्या एका वयस्क जुळाऱ्याने ती पहिल्याच पत्रकाला मोडून काढली. आम्ही म्हटले, ''सगळा मजकूर ठळक टाइपात घ्या.'' तो म्हणाला, ''दादा, सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचे कुणाचे?'' त्याने सभेचा दिवस, वेळ आणि पगारवाढीचा आकडा एवढेच ठळक घेतले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर आम्ही पाहिले, पत्रक हातात पडताच माणसांची नजर नेमकी त्या तीन जागी जात होती.

या ठळक अक्षराचे कूळ शोधू लागलो, तेव्हा आम्ही लंडनमधल्या एका टाइपाच्या ओतशाळेपाशी येऊन पोचलो. फॅन स्ट्रीटवरच्या त्या ओतशाळेने १८४५ साली 'क्लॅरेंडन' नावाचे वळण बाजारात आणले.

हे वळण ओळखावे कसे? रोमन अक्षराच्या टोकांना जे छोटे आडवे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात ते नाजूक असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भिंतीवरच्या जाहिराती वाढल्या, तेव्हा विटेसारखे जाड, चौकोनी पाय असलेली अक्षरे निघाली. ती दुरून दिसत, पण पुस्तकाच्या ओळीत बसवली तर पाहुण्यांच्या पंगतीत पहिलवान बसल्यासारखी दिसत. क्लॅरेंडनने त्यांतून मार्ग काढला. पाय जाडच ठेवले, पण ते उभ्या दांड्याला जिथे मिळतात तिथला कोपरा गोलाईने भरला. जाड-बारीक रेषांतला फरक थोडा राखला. छोट्या लिपीतल्या 'सी', 'आर' यांच्या टोकांना थेंबासारखी गोल गाठ दिली. अक्षर भक्कम राहिले आणि तरी ओळीत नांदू लागले.

त्यापूर्वी ओळीतला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून तो तिरप्या किंवा मोठ्या लिपीत घेत. क्लॅरेंडनमुळे साध्या टाइपाच्या शेजारी त्याच उंचीचा काळा शब्द बसवता आला. शब्दकोशांना तर हे वरदानच ठरले; ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातले मुख्य शब्द याच जातीच्या टाइपात छापले गेले. कोश उघडणारा माणूस पान वाचत नाही, तो शब्द हुडकतो. त्याची नजर अडावी कुठे, हे अक्षराने सांगायचे असते.

दुसरा उपयोग भित्तिपत्रकांचा. शिशाचे फार मोठे अक्षर जड आणि महाग पडते. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी अक्षरे यंत्राने कापण्याची युक्ती काढली. पुढे अमेरिकेत क्लॅरेंडनच्या लाकडी आवृत्त्या निघाल्या. काहींत तर आडवे पाय उभ्या दांड्यांहूनही जाड झाले. सर्कशीच्या जाहिराती म्हटले की जे रुबाबदार जुने अक्षर डोळ्यांपुढे येते, ते हेच. जुन्या काळाची आठवण द्यायची असली की आजही संगणकावर काम करणारे याच कुळाकडे वळतात. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या हास ओतशाळेसाठी हेरमान आयडेनबेंत्स यांनी त्याला नवे रूप दिले.

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. ओतशाळेतले भागीदार होते रॉबर्ट बेझली. अक्षराची कल्पना त्यांची मानतात. पुढे १८६९ साली ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले. पण पोलादी ठशावर एकेक अक्षर उलटे कोरले ते बेंजामिन फॉक्स या कारागिराने. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा होतो, साच्यात शिसे ओतून खिळे होतात. म्हणजे लाखो खिळ्यांचे मूळ एका माणसाच्या मनगटात असते. अक्षराची रीतसर नोंदणी झाली, तिने तीन वर्षांचे संरक्षण मालकाला मिळाले. ती मुदत सरल्यावर इतर ओतशाळांनी नकला काढल्या. आपल्याकडे तरी वेगळे काय झाले? निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी सर्वांना ठाऊक आहेत; तिथल्या सुबक देवनागरी टाइपाचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू किती जणांना ठाऊक आहेत? जावजींची थोरवी यामुळे उणावत नाही. पण हिशेब पुरा मांडायचा तर दोन्ही नावे हवीत.

आता टाइप जुळवावा लागत नाही. कळ दाबली की अक्षर ठळक होते. म्हणून तर मोह अधिक. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, संस्थेच्या अहवालावर हे नक्षीदार अक्षर शोभते; पण नाव, तारीख, आकडा एवढ्यापुरतेच. पानभर घातले तर डोळा थकतो आणि महत्त्वाचे तेच हरवते. पत्रक छापायला देण्यापूर्वी आम्ही आजही स्वतःला विचारतो : वाचणाऱ्याच्या हातात एकच क्षण असेल, तर त्याने यातले काय वाचावे? उत्तर सापडले की तेवढेच ठळक करावे. ते सापडत नसेल, तर दोष टाइपाचा नव्हे, आपल्या मजकुराचा.